गिटारची तार, टेलिफोनची तार आणि फाटलेला आवाज

१/
नगर-मनमाड मार्गावरील राहाता. रात्री रहदारी ओसरल्यावर एखादा तरुण इलेक्ट्रिक गिटार ऑडिओ इंटरफेसला जोडतो. वादन उत्तम साधते. पण ऐकू जाता आवाज फाटलेला, नाहीतर क्षीण आणि निस्तेज. दोष बोटांचा नसतो. त्यामागे दोन तंत्रपरंपरांचा इतिहास आहे.

२/
यंत्राच्या कुवतीला आवाज जुळवण्याचा प्रश्न इलेक्ट्रिक गिटारहून जुना आहे. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन वापरात नव्हता. गायकाने कर्ण्यासमोर गायचे. कर्ण्यापासूनचे अंतर हेच पातळीचे नियंत्रण!

३/
१९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण रुळू लागले. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, तेव्हा पार्श्वगायनाची पद्धत रूढ नव्हती. नट गाणी चित्रीकरणातच गात. मायक्रोफोनपासून कोण किती दूर, यावर आवाजाचा तोल ठरे.

४/
त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज बीचम यांच्या पिकअपची 'फ्राइंग पॅन' गिटार बाजारात आली. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंपली की वेढ्यांत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो.

५/
हा सिग्नल नाजूक असतो. तो पुढे निर्वात नळीच्या ॲम्प्लिफायरमध्ये जाई. त्याचा प्रवेश-अवरोध, म्हणजेच इम्पिडन्स, साधारण १० लाख ओहम असे. त्यामुळे पिकअपवर भार पडत नसे. गिटारचा परिचित स्वर याच जोडीतून घडला.

६/
स्टुडिओचा वारसा मात्र टेलिफोनचा. लांब तारांसाठी ६०० ओहमचे प्रमाण रूढ झाले. १९३९ मध्ये अमेरिकी नभोवाणी आणि टेलिफोन क्षेत्राने व्हीयू मीटर स्वीकारला. ६०० ओहममध्ये १ मिलिवॉट, म्हणजे ०.७७५ व्होल्ट, हा त्याचा संदर्भ. एक परंपरा लाख ओहमची, दुसरी शेकड्यांची.

७/
या दोहोंत दुभाषी ठरला 'डीआय बॉक्स'. त्यातील ट्रान्सफॉर्मर गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करतो. १९६७ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' अल्बमसाठी बास गिटार अशा पेटीतून थेट मुद्रित झाली.

८/
आज हा दुभाषी इंटरफेसच्या आतच असतो. 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' लिहिलेले बटण म्हणजे त्या जुन्या ॲम्प्लिफायरचेच प्रवेशद्वार. गिटार 'लाइन'ला जोडली तर तेथील कमी अवरोधाचा भार पिकअपवर पडतो, वरचे स्वर मावळतात आणि आवाज निस्तेज होतो.

९/
उरतो फाटलेला आवाज. चुंबकीय फीत अतिरिक्त पातळी काही अंशी सामावून घेई. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबल ही शेवटची रेषा आहे. तिच्यावरचे सारे छाटले जाते आणि छाटलेला स्वर पुरता परत मिळवता येत नाही. म्हणून गाण्यातला सर्वांत जोरकस भाग आधी वाजवावा आणि त्याची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन ठेवावा. २४ बिट मुद्रणात एवढी मोकळी जागा सोडल्याने काही बिघडत नाही.

१०/
गौहर जान यांच्या काळी कर्ण्यापासूनचे अंतर जपावे लागे. राहात्यातील त्या खोलीत गेनचे बटण जपावे लागते. साधने बदलली, पण मनासारखे जमलेले वादन यंत्राच्या हाती सुखरूप सोपवण्याची जबाबदारी तीच राहिली.