मुधोळचा कुत्रा कुणी घडवला?

गटाच्या बैठकीत शेळी, कोंबडी, म्हैस यांवर आपण पुष्कळ बोलतो. दारातल्या कुत्र्याचा विषय मात्र कधी निघत नाही. आज आम्ही कारवानी कुत्र्याचा इतिहास सांगणार आहोत.

लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. सांगली-सोलापूरपासून विजापूर-बागलकोटपर्यंत हा कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा. व्यापाऱ्यांच्या तांड्याला कारवान म्हणत. त्या तांड्यांबरोबर तो दख्खनेत आला असं सांगतात, म्हणून कारवानी. अंगावर मऊ लांब केस असले तर पश्मी.

बाहेरच्या जगात तो ओळखला जातो मुधोळच्या नावानं. मुधोळ हे घटप्रभा नदीकाठचं घोरपड्यांचं संस्थान, आज कर्नाटकात आहे. राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरड शिकाऱ्यांजवळ हे चपळ कुत्रे पाहिले, निवडून त्यांची पैदास केली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला पिल्लांची जोडी भेट दिली, अशी हकिगत सांगितली जाते. राजानं राजाला भेट दिली, ती लक्षात राहिली. पण राजाच्या नजरेत भरण्याआधी तो बेरडांच्या झोपडीत वाढला होता. तिथं त्याला भाकरी कोण घालत होतं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. आम्हाला तरी ते ओळखायला अवघड वाटत नाही.

1948 साली संस्थान विलीन झालं. राजाश्रय गेला. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे शिकारही बंद झाली. म्हणजे कुत्र्याचं मूळ कामच संपलं. तरी तो टिकला, कारण शेतकऱ्यांनी त्याला शेतवस्तीवर राखणीला ठेवलं. इथून पुढचं शिक्षण सगळं घरातलं.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेनं सावज धरतो. पळणारं काहीही दिसलं की मागे धावायचं, हे त्याच्या रक्तातच. म्हणून पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झाल्यापासून तीन महिन्यांचं होईपर्यंत कोंबडी, करडू, रांगतं मूल, सगळं त्याच्या नजरेखालून जायला हवं. या वयात जे सवयीचं झालं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. मात्र दोन महिने आईपासून तोडू नये. हाक एकच ठेवावी. घरात तिघांनी तीन नावं ठेवली तर पिल्लानं कुणाचं ऐकायचं? हाकेला आलं की भाकरीचा तुकडा द्यावा. मारलं तर ते हाकेलाच भ्यायला लागतं.

पळवण्याची घाई पोरांना असते. वर्षाचं होईपर्यंत सायकलमागे पळवू नये, हाडं कोवळी असतात. आधी शेतापर्यंत चालत न्यावं, मोकळ्या रानात आपलं आपण हुंदडू द्यावं. मग हळूहळू अंतर वाढवावं, तेही पहाटे, मऊ मातीवर. धावून आल्यावर लगेच पोटभर खायला घालू नये. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो आणि जीव जातो. धाप बसू द्यावी, थोडं पाणी पाजावं, तासाभरानं भाकरी द्यावी. आणि दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा राखण करत नाही, चिडका होतो आणि घरच्यांनाच चावतो.

2005 साली या कुत्र्याचं टपाल तिकीट निघालं. 2016 मध्ये त्याची पिल्लं मेरठच्या लष्करी केंद्रात शिक्षणासाठी गेली. तेव्हापासून मागणी वाढली, एका पिल्लाला हजारो रुपये मिळू लागले. घेणारा येतो, घरच्या पुरुषाशी भाव ठरवतो, पैसे मोजतो आणि पिल्लू घेऊन जातो. रात्री उठून कुत्रीला पाणी पाजणारी, पिल्लांना दूध-भाकरी कुस्करून भरवणारी आत चुलीपाशी असते.

आमच्या गटांत आता पिल्लांची वेगळी वही केली आहे. जन्मतारीख, लस कधी दिली, विक्रीची किंमत आणि वाढवणारीचं नाव असे चार रकाने. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर द्यायची असते, पुढे दरवर्षी. त्याआधीच विकलं तर घेणाऱ्याला तसं बजावून सांगायचं. किंमतीचा आकडा वाढवणारीनं स्वतः लिहायचा, असं ठरलं आहे.