श्रोत्यांपुढील कवी : ज्ञानेश्वरी ते काव्यवाचन

कवीने स्वतःच्या काव्याविषयी श्रोत्यांशी बोलावे, ही प्रथा काव्यवाचनाच्या कार्यक्रमांबरोबर विसाव्या शतकात सुरू झाली, असा समज आपल्या विद्यार्थ्यांत पुष्कळदा आढळतो. हा समज बरोबर नाही. मराठीत हे बोलणे वाङ्मयाच्या प्रारंभकाळापासून आहे. मात्र त्याची जागा बदलली आहे. पूर्वी ते काव्याच्या आत होते, पुढे ते काव्याच्या बाहेर आले. या स्थलांतराचे स्वरूप पाहणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे झाली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ग्रंथ लिहिला गेला तो बोलला जात असताना, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. गीतेच्या सातशे श्लोकांवरील हे निरूपण सुमारे नऊ हजार ओव्यांचे आहे. त्यातील पुष्कळ ओव्यांचा विषय गीता हा नसून खुद्द हे निरूपणच आहे. सहाव्या अध्यायात कवी आपल्या मराठी बोलाविषयी बोलतो. अमृतालाही पैजेवर जिंकतील अशी अक्षरे आपण योजू, असे तो सांगतो, आणि त्या शब्दांचा आस्वाद घेण्यासाठी इंद्रियांमध्येच कलह लागेल, असे चित्र रंगवितो. नवव्या अध्यायाच्या आरंभी तो श्रोत्यांकडे केवळ अवधान मागतो, ते दिल्यास सर्व सुख मिळेल अशी प्रतिज्ञा करतो, आणि लगेच सावरून म्हणतो की सर्वज्ञांच्या सभेत ही प्रौढी नव्हे, ही सलगीची विनवणी आहे. तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन लांबते. ते अकारण वाढविले, असा आक्षेप येईल हे ओळखून तो उत्तर देतो की जाणत्या श्रोत्यांपुढे मतमतांतरांचा परामर्श घेतल्यावाचून सिद्धान्त मांडणे शोभणार नाही.

या तिन्ही स्थळी कवी आपल्या कृतीची चर्चा करीत आहे. पहिल्यात भाषेची, दुसऱ्यात श्रोत्याशी असलेल्या नात्याची व तिसऱ्यात रचनापद्धतीची. भाषेच्या दृष्टीने पाहता संबोधने, आज्ञार्थी रूपे आणि आदरार्थी ‘जी’ यांची अशा स्थळी दाटी होते. श्लोकार्थ सांगणारी ओवी आणि श्रोत्यांशी बोलणारी ओवी यांतील भेद व्याकरणावरूनही ध्यानात येतो. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. श्रोत्यांचा आक्षेप आपल्यापर्यंत येतो तो कवीच्याच मुखाने. त्यामुळे तो प्रत्यक्ष सभेचा वृत्तान्त आहे असे मानता येत नाही. पण आक्षेपाला ग्रंथात स्थान मिळाले व त्यामुळे तो टिकला, एवढे निश्चित.

कीर्तनपरंपरेत ही रचना मोडते. अभंग संताचा आणि निरूपण कीर्तनकाराचे, अशी वाटणी तेथे झाली. बोलणे राहिले, परंतु बोलणारा बदलला.

कवी स्वतः पुन्हा सभेसमोर उभा राहिला, याचे आधुनिक काळातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्यात १९२३ साली स्थापन झालेले रविकिरण मंडळ. यशवंत, गिरीश प्रभृती कवींच्या काव्यगायनाने मराठी कवितेला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. गायनात चालच अर्थाची वाट दाखविते. चरण कोठे संपला, जोर कशावर आहे, भाव कोणता, हे सांगण्यास वेगळे गद्य फारसे लागत नाही. आक्षेपाची वाट मात्र आता निराळी झाली. १९२५ साली प्र. के. अत्रे यांची ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध झाली आणि या मंडळाच्या काव्यपद्धतीचा उपहास स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने वाचकांपुढे आला. तेराव्या शतकातील कवीने आपल्याच ग्रंथात सामावून घेतलेला आक्षेप विसाव्या शतकात दुसऱ्याच्या ग्रंथात गेला.

पुढे मुक्तछंदाचा प्रसार झाला व कविता चालीपासून सुटली. छापील पानावर ओळींची मांडणी वाचकाला साहाय्य करते. सभागृहात ते साहाय्य नसते. विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगावकर या तिघांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रभर संयुक्त काव्यवाचन केले. त्यांनी कविता गायिली नाही, वाचली. चालीने जे काम केले असते, त्यातील काही भाग अशा कार्यक्रमांत दोन कवितांमधील बोलण्याकडे आला, असे मला वाटते. प्रसंग, आठवण, थट्टा, कवितेची पार्श्वभूमी यांनी श्रोता पुढील कवितेसाठी तयार होतो. ज्ञानेश्वरांनी मागितलेले अवधानच येथे वेगळ्या रीतीने मागितले जाते.

परंतु हे बोलणे संग्रहात छापले जात नाही. त्याचे दोन परिणाम होतात. एक तर ते नाहीसे होते. दुसरे असे की जे आठवणीत उरते त्याला अवास्तव अधिकार प्राप्त होतो. ‘कवीने स्वतः असे सांगितले होते’ या एका वाक्यावर कवितेचा अर्थ ठरवून टाकणारे प्रबंध मी वाचले आहेत. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कारयित्री आणि भावयित्री अशा दोन प्रतिभा सांगितल्या. रचणे आणि आस्वादणे ही दोन कार्ये एकाच व्यक्तीत समप्रमाणात असतीलच असे नाही, हा त्यातील बोध अशा वेळी उपयोगी पडतो. सभेत आपल्या कवितेविषयी बोलणारा कवी हा तिचा पहिला भावक असतो, अखेरचा नव्हे.

म्हणून अभ्यासकाने अशा निवेदनाकडे पाठ फिरवू नये आणि त्याला प्रमाणवचनही मानू नये. ते कोठे, केव्हा, कोणासमोर, कोणत्या कवितेच्या आधी उच्चारले गेले, याची नोंद करावी. काव्यवाचनाचे ध्वनिमुद्रण उतरवून घेताना कवितांमधील बोलणे गाळण्याचा मोह टाळावा. नेवासे येथे लेखणी धरणाऱ्याने ग्रंथार्थाबरोबर श्रोत्यांशी झालेले बोलणेही उतरवून घेतले. ते गाळले गेले असते, तर मराठीच्या एका आद्य कवीला आपल्या भाषेविषयी काय वाटत होते, हे आज आपणांस कळले नसते.