प्वासाँच्या कंसाची कुळकथा

पुंजयामिकीच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे स्थान आणि संवेग यांच्या गुणाकारात क्रम बदलला असता फल बदलते हा नियम बहुधा एखाद्या सरकारी फर्मानासारखा, कारण न सांगता, ठेवला जातो. परंतु या नियमाचे कूळ शोधू गेल्यास ते अणूंपाशी न थांबता थेट ग्रहांच्या कक्षांपर्यंत जाऊन पोहोचते.

परस्परांच्या आकर्षणामुळे ग्रहांची लंबवर्तुळे हळूहळू ढळतात, आणि एरवी स्थिर राहणाऱ्या कक्षेच्या राशी बदलू लागतात. त्या बदलाचे गणित मांडताना लाग्रांज या ज्येष्ठ गणितज्ञाच्याच क्षेत्रात काम करणाऱ्या प्वासाँने १८०९ साली पॅरिसमध्ये एक कंस योजिला: दोन राशींपैकी पहिलीचे स्थानानुसार व दुसरीचे संवेगानुसार आंशिक विकलन करून गुणाकार घ्यावा, त्यातून उलट जोडीचा गुणाकार वजा करावा, आणि अशा सर्व वजाबाक्यांची बेरीज करावी. राशींची अदलाबदल केली की कंसाचे चिन्ह पालटते; स्थान व त्याचाच संवेग यांचा कंस एक येतो; आणि पुढे हॅमिल्टनने यामिकीस जे रूप दिले त्यात कोणत्याही राशीचा ऊर्जेशी घेतलेला कंस हाच, ती राशी स्वतः कालावलंबी नसेल तर, तिच्या बदलाचा वेग ठरतो. या कंसाचे खरे मोल याकोबीने ओळखले. तरीही पुढे दीर्घकाळ तो प्रगत यामिकीच्या ग्रंथांच्या दफ्तरीच राहिला.

१९२५ मध्ये पुंजयामिकीवरील हायझेनबर्गच्या नव्या लेखात गुणाकाराचा क्रम न जुळण्याची जी अडचण खुद्द त्यालाच खुपत होती, तिच्यातच सारे मर्म आहे असे पॉल डिरॅकला वाटू लागले. आणि ऑक्टोबरमधील एका रविवारी केंब्रिजनजीक फिरत असता, दोन्ही क्रमांनी केलेल्या गुणाकारांची वजाबाकी प्वासाँच्या कंसासारखी दिसते, असे त्याच्या मनात आले. कंसाची व्याख्या नीट आठवेना, ग्रंथालये बंद. तेव्हा रात्र तळमळत काढून त्याने सोमवारी सकाळी व्याख्या पडताळून पाहिली. दोन गुणाकारांतील फरक म्हणजे प्वासाँचा कंस, प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय आणि उणे एकचे वर्गमूळ यांनी गुणलेला, हे समीकरण त्याने नोव्हेंबरात रॉयल सोसायटीकडे धाडले. गॉटिंगेनमध्ये बॉर्न आणि योर्दान स्थान-संवेगाच्या संबंधापर्यंत त्यापूर्वीच, सारण्यांच्या वाटेने, पोहोचले होते. परंतु जुन्या यामिकीचा संपूर्ण वारसा एकदम नव्या यामिकीच्या नावे करणारी सनद डिरॅकचीच. म्हणून ज्याने कोनीय संवेगाच्या दोन घटकांचा कंस काढला असता तिसरा घटक मिळतो हे अभिजात यामिकीतच पाहिले आहे, त्याला तोच संबंध पुंजयामिकीत भेटला असता परका वाटत नाही.

मात्र ही सनद सर्व राशींना लागू होत नाही, हे ख्रुनेवोल्डने १९४६ साली दाखविले. स्थानाचा वर्ग गुणिले संवेगाचा वर्ग ही एकच राशी अभिजात यामिकीत दोन निरनिराळ्या कंसांतून मिळते: एक स्थानाच्या आणि संवेगाच्या घनांचा, दुसरा त्यांच्या मिश्र गुणाकारांचा; आणि तीच पुंजयामिकीत या दोन्ही वाटांनी काढू गेल्यास उत्तरांत प्लांकच्या स्थिरांकाच्या वर्गाच्या प्रमाणात तफावत उरते.