कंसाकृती कवके (लाकडावरील)

वृक्षांच्या मृत लाकडातून फळीसारखी आडवी वाढणारी, बहुधा बिनदेठाची व कठीण अशी गदाकवके (पहा : कवक, अळिंबे). बीजुक तुटलेल्या फांदीत किंवा सालीच्या जखमेत रुजते. कवकजाल आत पसरून लाकूड कुजवते. कंस हा त्याचा बीजुके निर्माण करणारा बाह्य भाग. लिग्निनही पचल्यास लाकूड फिकट, तंतुमय होते (पांढरी कूज). मुख्यतः सेल्युलोज पचल्यास तपकिरी होऊन चौकोनी तडकते.

ओळखताना खालची बाजू आधी पाहावी; वरचा रंग वयाप्रमाणे व ओलाव्याप्रमाणे बदलतो. हेक्सागोनियाची छिद्रे मधाच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी असतात. शायझोफायलम कम्यून लहान, करडे-पांढरे, केसाळ असून त्याच्या पटलांच्या कडा उभ्या चिरलेल्या असतात. पिक्नोपोरस सँग्विनियस दोन्ही बाजूंनी नारिंगी-लाल असते. गॅनोडर्माच्या अनेक जातींचा पृष्ठभाग लाखेसारखा चकाकतो व बीजुकांची पूड तपकिरी असते. फेलिनस बहुवर्षायू, गंजाच्या रंगाचे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाने त्याचा गर काळा पडतो. जातिनिश्चितीस मात्र अनेकदा सूक्ष्मदर्शक लागतो.

ठाण्यात टेंभी नाक्याच्या वायव्येस येऊरचे पानझडी जंगल आहे (पहा : संजय गांधी राष्ट्रीय उद्यान). अशा जंगलांत ही कवके मृत लाकडातील पोषकद्रव्ये मातीत परत आणतात. गॅनोडर्मा जिवंत झाडांची मुळेही कुजवते. पश्चिम घाट परिसरात फणसावरील फेलिनस ‘फणसअळंबे’ या नावाने पारंपरिक औषधांत वापरतात.