बगचा घटक ठरवणे (लिनक्स)

लिनक्सवर आढळलेला बग नेमक्या कोणत्या पॅकेजच्या नावावर नोंदवायचा, हे शोधून काढण्याची पद्धत. लिनक्स वितरण म्हणजे हजारो स्वतंत्र पॅकेजांची मोट. प्रत्येकाचे सांभाळकर्ते वेगळे असतात, आणि फेडोराचे बगझिला असो की डेबियनची बगनोंद, तक्रार पॅकेजच्या नावानेच दाखल होते. नाव चुकले की ती भलत्याच्या दारात पडून राहते.

मराठीत हा घोळ जास्त होतो, कारण एक अक्षर पडद्यावर येईपर्यंत अनेकांच्या हातून जाते. आयबस किंवा कळफलकाचा आराखडा कळांचे युनिकोड संकेतांक करतो, फॉन्टकॉन्फिग फॉन्ट निवडते, हार्फबझ जोडाक्षर घडवते, पँगोसारखा थर ओळ मांडतो आणि फ्रीटाइप आकार रंगवते. दोष मात्र बहुतेक वेळा फॉन्टच्याच माथी मारला जातो, कारण डोळ्यांना तोच दिसतो.

बुलढाणा जिल्ह्यातील नावे तपासणीला फार उपयोगी आहेत. हा जिल्हा ज्या भागात येतो, त्या ‘वऱ्हाड’चेच नाव घ्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर त्यातला ‘ऱ्ह’ शिफ्टसह जे, मग डी, मग यू या कळांनी उमटतो आणि मजकुरात ०९३१, ०९४डी, ०९३९ हे संकेतांक जातात. पडद्यावर ‘वर्हाड’ असा ‘ह’वर रफार दिसला, तर आधी संकेतांक पाहावेत. तेथे ०९३१ ऐवजी साधा ‘र’ म्हणजे ०९३० असेल, तर फॉन्टचा काही संबंध नाही. बोट तरी चुकले आहे किंवा लेखनपद्धतीचा तक्ता तरी. तक्ता चुकला असेल तर तक्रार असे तक्ते पुरवणाऱ्या एम१७एनवर किंवा ज्या पॅकेजातून तो आला त्यावर जाते. (साध्या ‘र’ला हलन्त आणि शून्य-रुंदी जोडक लावूनही हाच आकार मिळतो, जुन्या मजकुरात तो सर्रास आढळतो.)

संकेतांक बरोबर असूनही ‘ऱ’खाली पाय मोडलेला दिसत असेल, तर शंका फॉन्ट आणि हार्फबझ यांच्यावर येते. त्याच प्रोग्राममध्ये फॉन्ट बदलून पाहावा. रेड हॅटच्या लोहित मराठीत मोडते आणि दुसऱ्या फॉन्टात नीट येते, तर बग बहुधा फॉन्टचा. सगळ्याच फॉन्टांत मोडत असेल, तर एचबी-व्ह्यू हे हार्फबझसोबतचे साधन वापरावे. ते प्रोग्रामला बाजूला सारून फॉन्ट व मजकूर यांवरून थेट चित्र काढते. चित्रात ‘वऱ्हाड’ नीट उमटले, तर संशय प्रोग्रामकडे सरकतो. फायरफॉक्स आणि क्रोमियम हार्फबझची स्वतःची प्रत बाळगतात, त्यामुळे वितरणातले हार्फबझ दुरुस्त करूनही त्यांच्यात दोष तसाच राहू शकतो. टर्मिनलमध्ये देवनागरी तुटकी दिसणे ही तर जुनीच रड आहे; तिथली तक्रार टर्मिनलच्या पॅकेजवरच करावी.

लोणार आणि शेगाव ही नावे वेगळा दोष पकडतात. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपे हिंदीतल्या रूपांहून निराळी आहेत. राज्य शासनाने २००९ साली वर्णमाला प्रमाणित करताना मराठी रूपेच धरली. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि भाषा मराठी असल्याचे कळले तरच मराठी रूप येते. भाषा कळवणे प्रोग्रामचे काम. दस्तऐवजाची भाषा मराठी ठेवूनही हिंदी वळण येत असेल, तर आधी फॉन्टात मराठी रूप आहे का ते पाहावे. असेल तर फॉन्टकर्त्याला बोल लावू नये.

क्रमवारीचा दोष आणखी निराळा. जिल्ह्यातील १३ तालुक्यांची यादी टर्मिनलच्या सॉर्ट आज्ञेने एका क्रमात लागली आणि लिबरऑफिसमध्ये दुसऱ्या, तर पहिल्यामागे जीलिबसी या मूळ लायब्ररीचा मराठी लोकेल (भाषेचे नियम) असतो आणि दुसऱ्यामागे आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी.

घटक ठरला की पॅकेजचे नाव काढणे सोपे: फेडोरात आरपीएम -क्यूएफ, डेबियनमध्ये डीपीकेजी -एस (एस मोठ्या लिपीतला) ही आज्ञा फाइलवरून पॅकेज सांगते. इतके करूनही उलगडा झाला नाही, तर ज्या प्रोग्राममध्ये दोष दिसला त्याच्यावर तक्रार करावी. सोबत संकेतांक, फॉन्टचे नाव व आवृत्ती आणि पडद्याचे चित्र द्यावे. सांभाळकर्ते ती योग्य पॅकेजकडे वळवतात. डेबियनमध्ये त्यासाठी रीअसाइन ही आज्ञा आहे आणि तक्रारीचा क्रमांक तोच राहतो.