मोतीबिंदू ‘पिकतो’, पण मधुमेहाचा डोळा वाट पाहत नाही

“डॉक्टर, अजून दिसतंय की! कमी दिसायला लागलं की दाखवू डोळे.” मधुमेहाच्या रुग्णांकडून हे वाक्य मी नेहमी ऐकतो. यात तुमचा हट्ट नाही. या वाक्याला मोठा इतिहास आहे, आणि तो समजला तर तुमची नजर वाचू शकते.

आपल्याकडे अंधत्व म्हणजे मोतीबिंदू, हे समीकरण फार जुने. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदू बाजूला सारण्याची शस्त्रक्रिया आहे आणि मधुमेहाचे वर्णनही आहे. पण या दोघांशिवाय डोळ्याच्या आत आणखी काही बिघडते, हे तेव्हा कळणे शक्यच नव्हते. जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा पाहण्याचे साधनच नव्हते.

१९७६ साली देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा मुख्य भर साहजिकच मोतीबिंदूवर होता. गावोगावी शिबिरे झाली. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नावाजलेले डॉ. तात्याराव लहाने यांनीही तिथे काही काळ काम केले. या कामातून असंख्य लोकांना पुन्हा दिसू लागले.

मात्र त्या काळातला एक सल्ला लोकांच्या मनात पक्का बसला : “मोतीबिंदू पिकू द्या, मग ऑपरेशन करू.” जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेसाठी तो ठीक होता. आज मोतीबिंदूसाठीही तशी वाट पाहावी लागत नाही. आणि मधुमेहाच्या डोळ्याला तर हा नियम लावणे म्हणजे नजर गमावणे.

कारण समजून घ्या. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते बदलले की दिसते. मधुमेहात मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्या पाझरतात, काही बंद पडतात, मग नव्या कमकुवत वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. रेटिना बदलता येत नाही. शिवाय सुरुवातीला ना दुखते, ना कमी दिसते.

हा आजार दिसला तो १८५१ नंतर. त्या वर्षी जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले. काही वर्षांतच व्हिएन्नाच्या येगर यांनी मधुमेही माणसाच्या रेटिनातले बदल नोंदवले. त्या काळच्या मोठ्या नेत्रतज्ज्ञांना, फोन ग्रेफे यांना, ते मधुमेहामुळेच आहेत हे पटले नव्हते. १९२२ मध्ये इन्सुलिन आले. जे रुग्ण लवकर दगावत, ते अनेक वर्षे जगू लागले, आणि मग डोळ्यांचे नुकसान मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. म्हणून काही जण आजही म्हणतात, “इन्सुलिनने डोळे जातात.” तसे नाही. डोळे जातात ते अनेक वर्षे वाढलेल्या साखरेने.

उपचाराची कल्पना सूर्यग्रहणातून आली. १९४५ च्या ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून रेटिना भाजल्याचे पाहिल्यावर जर्मन डॉक्टर मायर-श्विकेराथ यांना वाटले, हाच प्रकाश मोजून वापरला तर? त्यातून प्रकाशाने रेटिनावर उपचार सुरू झाले आणि पुढे लेसर आला. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने दाखवले, की आजार पुढे गेलेल्या डोळ्यांतही लेसरने नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनेही आहेत. पण लक्षात ठेवा : लेसर मुख्यतः उरलेली नजर वाचवतो, गेलेली सहसा परत आणत नाही.

आणखी दोन अभ्यास तुमच्या कामाचे. १९९३ च्या अभ्यासात, टाइप १ मधुमेहात डोळे चांगले असतानाच साखर नीट ठेवल्यास रेटिनाच्या आजाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. १९९८ मध्ये ब्रिटनच्या अभ्यासात, टाइप २ च्या रुग्णांचे बीपी काटेकोर ठेवल्यावर रेटिना बिघडत जाण्याचा धोका सुमारे एक तृतीयांश घटला. म्हणजे बीपीची गोळीही डोळ्याचेच औषध आहे.

आता तुम्ही काय करायचे?

• टाइप २ मधुमेह कळला त्याच वेळी, आणि नंतर दरवर्षी, रेटिना तपासा. टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर दरवर्षी. मधुमेही स्त्रीने गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांतच.
• चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा पाहावा लागतो. त्यानंतर काही तास धूसर दिसते. मोटारसायकल स्वतः चालवू नका, सोबत कोणीतरी आणा.
• मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तरी दरवर्षीची तपासणी चुकवू नका.
• अचानक काळे ठिपके, जाळे किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी दाखवा.

आपल्या जिल्ह्यातली एक अडचण वेगळी आहे. हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. तेवढ्या काळात रेटिनाचा आजार पुढची पायरी गाठू शकतो, आणि लेसर किंवा इंजेक्शनची पुढची तारीखही चुकते. म्हणून कोयता उचलण्याआधी, पोळ्याच्या सुमारासच डोळे तपासून घ्या. गोळ्या पुरेशा न्या, कागद सोबत ठेवा, आणि उपचार सुरू असतील तर कारखान्याजवळ ते कुठे मिळतील हे निघण्यापूर्वीच विचारा. मुकादमाला उचल मागता, तसा डॉक्टरांकडे तपासणीचा कागद मागा. तो तुमचा हक्क आहे.

दिसतंय तोवरच दाखवा. तपासणीची खरी वेळ तीच.