नारळ, ढाल आणि प्रमाणपत्र

२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिम्पिकची मॅरेथॉन शर्यत झाली. अंतर होतं ४२ किलोमीटर ७५० मीटर. आजच्या ठरलेल्या अंतराहून अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त. फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइननने ती जिंकली. एकोणिसाव्या क्रमांकावर आला बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले. त्याची वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद.

बेळगावच्या या धावपटूची पारख झाली ती पुण्यात. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांचं अध्यक्षपद सर दोराबजी टाटांकडे होतं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकरी कुटुंबांतली पोरं अनवाणी धावताना त्यांनी पाहिली आणि युरोपातल्या धावपटूंच्या तोडीची वेळ ही पोरं देतात हे त्यांच्या लक्षात आलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड तिथे हजर होते. ऑलिम्पिकला संघ पाठवायचा विषय टाटांनी त्यांच्याकडे काढला, आणि पुढल्याच वर्षी संघ बोटीने निघालाही. चौगुल्यांना हेरणारी नजर एका जिमखान्याच्या मैदानावर होती. शाळेच्या मैदानावरच्या पोराला हेरून त्याला पुढच्या पायरीवर पाठवणारी सरकारी व्यवस्था तेव्हा उभीच राहिली नव्हती.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात पोरांना शाबासकी मिळण्याची जुनी जागा म्हणजे जत्रेतलं कुस्तीचं मैदान. दुपारी हलगी वाजायला लागली की आधी लहानग्यांच्या जोड्या लागायच्या. या कुस्त्या नारळावर, रेवड्यांवर सुटत. पोरगं जरा अंगापिंडानं भरलं की रोख इनामाची कुस्ती, आणि नाव झालं की शेवटची, एक नंबरची. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या राजाश्रयाचं वारं या भागातही होतं. १९१२ साली खुलं झालेलं खासबाग मैदान निपाणीहून काही तासांच्या वाटेवर. बेळगावात आनंदवाडीचा आखाडा हे कुस्तीचं मोठं ठिकाण ठरलं. इथली पसंती जागच्या जागी कळे. पंचांनी हात वर केला की फेटा बांधला जाई, आणि एखादा खूश झालेला म्हातारा कनवटीची नोट काढून पोराच्या हातावर ठेवी. नोंद कुठेच होत नसे. पण पुढच्या वर्षीच्या जत्रेत कुणाशी कुणाची जोड लावायची, हे वस्तादांना तोंडपाठ असे.

शाळांनी या रिवाजात कागद आणला. बेळगावच्या छावणीत १८५६ साली सुरू झालेल्या सेंट पॉल्ससारख्या मिशनरी शाळांबरोबर फुटबॉल, हॉकी आणि वार्षिक क्रीडादिन ही इंग्रजी पद्धत आली. मराठी शाळांनी ती आपल्या स्नेहसंमेलनाला जोडून घेतली. पाहुण्यांचं भाषण, मग अहवालवाचन आणि मग पारितोषिक वितरण, असा क्रम पडला तो आजही फारसा ढळलेला नाही. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण देणारी संस्था काढली. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतातच होतं. ‘ड्रिल मास्तर’ हळूहळू ‘पी. टी. सर’ झाले. ढाल मात्र फिरती राहिली: एक वर्ष या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत, पुढल्या वर्षी दुसऱ्या शाळेच्या, खाली चिकटवलेल्या छोट्या पट्ट्यांवर विजेत्यांची नावं कोरलेली.

१९५४ साली भारतीय शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला आणि शाळकरी खेळाडूला राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतची शिडी मिळाली. बेळगावच्या पोरांना ती मुंबई राज्याची शिडी म्हणून जेमतेम दोन वर्षं लाभली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि मराठी शाळेत शिकणाऱ्या धावपटूच्या पुढच्या वाटा बंगळूरकडे वळल्या. सीमाप्रश्नाच्या इतिहासात ठराव, आयोग, लाठीमार यांची नोंद सापडते. कोणत्या राज्याचा बनियन अंगावर चढवायचा, हा शाळकरी खेळाडूपुढचा प्रश्न मात्र त्या इतिहासात फारसा डोकावत नाही. कुस्तीचं तसं झालं नाही. पोरं कोल्हापूरच्या तालमींत जात राहिली आणि तिकडचे मल्ल इकडच्या जत्रांना येत राहिले.

आजची शिडीही सरळ नाही. एकाच बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी. निपाणीची मुलं चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यातून खेळतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढल्या की राष्ट्रीय स्पर्धेचं दार. ‘वैयक्तिक विजेतेपद’ एका धावपटूला, ‘सर्वसाधारण विजेतेपद’ शाळेला, हे शब्द इथल्या क्रीडाशिक्षकांच्या बोलण्यात रोजचे. निकालाला आणखी एक शिक्कामोर्तब लागतं, ते वर्तमानपत्राचं. बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली सुरू केलेल्या ‘तरुण भारत’च्या पानावर चषक हातात धरलेला संघ, मागे उभे मुख्याध्यापक आणि कडेला क्रीडाशिक्षक असा फोटो आला, की गल्लीत ते बक्षीस खऱ्या अर्थाने जाहीर होतं.

बेळगावातली दुसरी मोठी पारखी संस्था म्हणजे लष्कर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शहरात आहे. महूचा शंकर लक्ष्मण याच रेजिमेंटचा. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तिन्ही ऑलिम्पिकमधल्या हॉकीच्या अंतिम सामन्यांत त्याने भारताचा गोल राखला. टोकियोत १९६४ साली पाकिस्तानला १–० असं हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात त्याच्यासोबत बेळगावचा बंडू पाटीलही होता. पुढे रेजिमेंटच्या केंद्रात ‘बॉईज स्पोर्ट्स कंपनी’ आली. लहान वयातच मुलांची निवड करायची, त्यांच्या शिक्षणाची आणि सरावाची सोय एकत्र करायची, असा तिचा रिवाज. शाळेने कौतुक करायचं आणि तालमीने घडवायचं, ही जुनी वाटणी इथे एका छपराखाली आली.

मुलींच्या वाट्याला कौतुक उशिरा आलं. जत्रेच्या मैदानावर त्या प्रेक्षकांतही अभावानेच असत. शालेय स्पर्धांमधल्या खो-खो, कबड्डी आणि कर्नाटकात खास लोकप्रिय असलेल्या थ्रोबॉलने त्यांना मैदान दिलं. बेळगावजवळच्या तुरमुरी गावची मलप्रभा जाधव ज्युदोकडून कुराश या कुस्तीप्रकाराकडे वळली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत कुराशचा पहिल्यांदाच समावेश झाला, आणि ५२ किलो वजनगटात तिने कांस्यपदक मिळवलं. त्याच गटात रौप्यपदकही भारताच्याच पिंकी बल्हाराचं होतं.

बक्षिसाचं मोल आता घरचे लोक वेगळ्या हिशेबाने धरतात. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार २५ पर्यंत वाढीव गुण मिळू शकतात. निपाणीचं पोर कर्नाटकाच्या मंडळाची परीक्षा देतं, त्यामुळे सीमेपलीकडच्या कागलच्या मावसभावाला लागू असलेला नियम त्याच्या कामाचा नाही. त्याच्यापुढे असतो कर्नाटकातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचा क्रीडा कोटा. म्हणूनच घरात चषक कपाटावर असतो आणि प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये, दोन झेरॉक्ससह. सही आणि शिक्का नीट उमटला आहे ना, हे क्रीडाशिक्षक मैदान सोडण्याआधीच तपासून घेतात.

बारावीनंतर यातला एखादा खेळाडू निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात प्रवेश घेतो. महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी जोडलेलं. शाळेत असताना चिक्कोडी जिल्ह्यातर्फे धावलेला हा मुलगा घर न बदलता, रोजच्या सायकलच्या अंतरावर, शिवाजी विद्यापीठाच्या संघनिवडीसाठी उभा राहू शकतो. अर्जासोबत तो कर्नाटक शिक्षण खात्याची कन्नडमध्ये छापलेली प्रमाणपत्रं जोडतो.